शर्यतीची रोइंग बोट: वजन, आकार आणि वेग

एका माणसाने दोन वल्ह्यांनी चालवायची शर्यतीची बोट, म्हणजे सिंगल स्कल, साधारण सव्वाआठ मीटर लांब असते आणि पाण्याच्या पातळीवर तिची रुंदी जेमतेम तीस सेंटिमीटर भरते. रिगर (वल्ही पेलणारे, बाजूला बाहेर आलेले आधार), सीट, बूट आणि स्लाइडच्या पट्ट्या धरून तिचे वजन १४ किलो. ती एका खांद्यावर घेऊन चालता येते, पण तिच्यात बसून वल्ही सोडली तर ती क्षणभरही सरळ उभी राहत नाही. एवढ्याशा वस्तूवर नव्वद किलोंचा माणूस बसतो आणि दोन किलोमीटर अंतर सात मिनिटांच्या आत कापतो. ती इतकी हलकी का, असा प्रश्न पाहणाऱ्याला पहिल्यांदा पडतो. तिच्या वेगाचे खरे गणित मात्र वजनापेक्षा आकार, ताठपणा आणि आत बसलेल्या माणसाच्या हालचालीत दडलेले आहे.

महाराष्ट्रात या बोटीचा सर्वांत गंभीर वापर पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण टोकाला, दापोडीत होतो. लष्करी अभियांत्रिकीचे प्रशिक्षण देणारी संस्था १९४८ मध्ये रुरकीहून दापोडीला आली आणि पुढे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीएमई, या नावाने रुजली. पूल बांधणाऱ्या आणि नद्या ओलांडणाऱ्या सॅपर्सच्या या संस्थेत पाण्याचा खेळ वाढावा हे स्वाभाविकच होते. लष्कराने २००१ मध्ये ऑलिंपिकसाठी खेळाडू घडवण्याची मोहीम हाती घेतली. तिच्यातील रोइंगचे केंद्र, आर्मी रोइंग नोड, सीएमईच्या आवारात आहे आणि तिथे सरावासाठी स्वतंत्र कालवा आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ इथेच तयार झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रपल स्कलमध्ये स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने सुवर्णपदक मिळवले. अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग यांची जोडी टोकियो ऑलिंपिकमध्ये लाइटवेट, म्हणजे वजनमर्यादेच्या, डबल स्कलमध्ये अकरावी आली. २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत याच जोडीने रौप्यपदक मिळवले. पॅरिसमध्ये २०२४ साली बलराज पनवार उतरला, तोही याच केंद्रातून. पुण्यात रोइंगची नागरी परंपरा याहून जुनी आहे. शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून चालू आहे आणि त्याची रेगाटा हा शहराचा नेहमीचा सोहळा आहे. तिथे सपाट तळाची पंट आणि शर्यतीची अरुंद शेल यांना एकाच संध्याकाळी शेजारी पाहिले की आकाराने काय फरक पडतो ते वेगळे सांगावे लागत नाही.

बोट पुढे जाताना तिला तीन विरोध भेटतात. पहिला पाण्याच्या घर्षणाचा. बोटीच्या सालीला चिकटून काही पाणी तिच्यासोबत ओढले जाते आणि ते ओढण्यात ताकद जाते. शांत हवेत शर्यतीच्या वेगाला एकूण विरोधाचा सुमारे चार पंचमांश भाग हाच असतो. दुसरा विरोध लाटांचा. बोट पाणी बाजूला सारते, त्याची लाट होते आणि त्या लाटेची ऊर्जा वल्हवणाऱ्याच्याच पायांतून येते. तिसरा हवेचा. तो बोटीपेक्षा माणसाच्या अंगाला आणि वल्ह्यांना जास्त होतो.

या तिघांशी करायच्या तडजोडीतून बोटीचा आकार ठरतो. दिलेल्या वजनासाठी पाण्याला लागणारा पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा तर बोटीचा काटछेद अर्धवर्तुळाकार हवा. शर्यतीच्या बोटीचा तळ म्हणूनच जवळजवळ गोल असतो. गोल तळाला स्वतःचे स्थैर्य नसते आणि माणसाचे गुरुत्वमध्य तर पाण्याच्या बरेच वर असते, त्यामुळे बोट सतत उलटायला पाहते. तिला उभी ठेवतात ती पाण्यावर पसरलेली दोन वल्ही. नवशिक्याचे पहिले काही आठवडे वेग शिकण्यात जात नाहीत. ते बुडण्यात जातात.

लाटांचा विरोध टाळण्यासाठी लांबी लागते. जहाजशास्त्रातील जुना ठोकताळा असा की पाणी कापत जाणाऱ्या बोटीला तिच्या लांबीनुसार एक वेगमर्यादा असते, कारण त्या वेगाला तिने उठवलेली लाट तिच्याइतकीच लांब होते आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. सव्वाआठ मीटरच्या बोटीसाठी ही मर्यादा सेकंदाला साडेतीन मीटरच्या थोडी वर येते. सिंगल स्कल मात्र सेकंदाला पाच मीटरने जाते. हे जमते ते तिच्या सडपातळपणामुळे. लांबी रुंदीच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट असल्याने ती पाणी फारसे ढकलत नाही आणि लाट क्षीण उठते. शिडाच्या हलक्या बोटी हीच मर्यादा दुसऱ्या वाटेने ओलांडतात. मुंबई बंदरात आर्मी यॉटिंग नोडचे खेळाडू चालवतात ती आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर, फक्त सव्वाचार मीटर लांब आहे आणि तिचे कवच साठेक किलोचे आहे. जोराचा वारा मिळाला की ती पाण्यातून वर उचलली जाते आणि पृष्ठभागावर घसरत जाते. शिडाला वारा हवी तेवढी शक्ती देतो. वल्हवणाऱ्या माणसाकडे शर्यतभर टिकतील असे चारशे-पाचशे वॅट असतात, म्हणजे पाऊण अश्वशक्तीहूनही कमी. त्यात पाण्यावर उचलले जाणे शक्य नाही. म्हणून एक बोट आखूड आणि पसरट तळाची, तर दुसरी लांब आणि काठीसारखी.

लांबी वाढवत गेले तर लाटा कमी होतात, पण घर्षणाचा पृष्ठभाग वाढतो. या दोन तोट्यांची बेरीज जिथे सर्वांत कमी होते तिथे लांबी थांबते. ती जागा माणसाच्या वजनानुसार बदलते. म्हणूनच कारखाने एकाच नावाची सिंगल स्कल वेगवेगळ्या वजनगटांसाठी वेगवेगळ्या साच्यांत काढतात. सत्तर किलोच्या मुलाला नव्वद किलोची बोट दिली तर तो गरजेपेक्षा जास्त साल पाण्यातून ओढत राहतो. आपल्याकडच्या क्लबांमध्ये असेल ती बोट असेल त्याला दिली जाते. वेळ नेमका कुठे गेला याचा शोध घेताना ही गोष्ट बहुधा शेवटी लक्षात येते.

आता वजन. जागतिक रोइंग संघटनेने प्रत्येक प्रकाराला किमान वजन ठरवून दिले आहे: सिंगलला १४ किलो, दोघांच्या डबल आणि पेअरला २७, चौघांच्या कॉक्सविना (वेगळ्या सुकाणूधराविना) फोरला ५०, चौघांच्याच क्वाड्रपलला ५२ आणि आठ जणांच्या एटला ९६. वल्ही यात धरत नाहीत. बोट हलकी निघाली तर तिला जास्तीचे वजन बांधून किमान भरून काढावे लागते आणि शर्यतीनंतर बोटी वजनकाट्यावर चढवल्या जातात. या नियमामुळे पैसेवाल्या देशाला दहा किलोची बोट आणून जिंकता येत नाही. पण नियम नसता तरी किती फायदा झाला असता? माणूस, बोट आणि वल्ही मिळून सिंगलचे एकूण वजन १०५ किलोंच्या घरात जाते. बोट एक किलोने जड झाली तर एकूण वजन सुमारे एक टक्क्याने वाढते. पाण्याला लागणारा पृष्ठभाग वजनाच्या दोन तृतीयांश घाताने वाढतो, म्हणजे सुमारे ०.६ टक्के. लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढत असल्याने तेवढ्याच ताकदीत वेग सुमारे ०.२ टक्क्याने घटतो. दोन हजार मीटरला हे चार मीटर होतात, म्हणजे अर्धी बोट, किंवा एक सेकंदाला थोडे कमी. अंतिम फेरीत पदक आणि चौथा क्रमांक यांच्यात एवढेच अंतर असू शकते, तेव्हा हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण बेढब रिगिंग, म्हणजे माणसाला न जुळणारी मांडणी, किंवा ढिले कवच यांनी होणारे नुकसान याच्या कितीतरी पट असते.

माणसे वाढली की वजन वाढते, तरी बोट वेगवान होते. याचे साधे स्पष्टीकरण हार्वर्डच्या थॉमस मॅकमहन यांनी १९७१ मध्ये मांडले. वल्हवणारे दुप्पट झाले तर शक्ती दुप्पट होते, पण भिजणारा पृष्ठभाग दुप्पट होत नाही. हिशेब केल्यावर वेग माणसांच्या संख्येच्या एक नवमांश घाताने वाढतो. आठ माणसांची बोट यानुसार एकट्याच्या बोटीपेक्षा सुमारे २६ टक्के वेगवान असायला हवी. २०१७ मध्ये पोलंडच्या पोझनान येथे न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सनने सिंगलमध्ये ६ मिनिटे ३०.७४ सेकंद आणि जर्मनीच्या एटने ५ मिनिटे १८.६८ सेकंद अशी वेळ नोंदवली. प्रत्यक्ष फरक भरतो २२-२३ टक्के. एटमध्ये न वल्हवणारा कॉक्सही असतो आणि तिथे प्रत्येकाकडे दोनऐवजी एकच वल्हे असते. हे लक्षात घेतले तर कागदावरचा हिशेब पाण्यावर इतका जवळ यावा, हे थक्क करणारेच आहे.

या बोटीतली सर्वांत विचित्र गोष्ट काठावरून दिसत नाही. सीट चाकांवर असते. वल्हवणारा पाठमोरा बसतो, गुडघे दुमडून स्ट्रेचरकडे, म्हणजे बूट बसवलेल्या पायफळीकडे, सरकतो, वल्हे पाण्यात टाकतो आणि पायांनी रेटतो. सरकत्या सीटमुळे पायांची ताकद वल्ह्यापर्यंत पोचते आणि १८७० च्या दशकापासून ती रूढ झाली. पण तिच्यामुळे नव्वद किलोंचे शरीर चौदा किलोंच्या बोटीत पुढेमागे फिरते आणि बोट उलट दिशेने झटके खाते. परिणामी बोटीचा वेग जोर लावताना सर्वांत जास्त नसतो. जोर संपल्यावर, वल्ही हवेत असताना आणि माणूस स्ट्रेचरकडे सरकत असताना बोट सर्वांत जोरात पळते. वल्हे पाण्यात पडले की लगेच ती सर्वांत मंद होते. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हा चढउतार तोट्याचा आहे: वेगवान क्षणी वाया गेलेली ताकद मंद क्षणी वाचलेल्या ताकदीपेक्षा जास्त असते. प्रशिक्षक स्लाइडवर घाई करू नका असे ओरडत असतात त्यामागचे शास्त्र हे आहे. यावर एक उपायही निघाला होता. सीट स्थिर ठेवायची आणि त्याऐवजी हलके रिगर व स्ट्रेचर सरकवायचे. पश्चिम जर्मनीचा पेटर-मिखाएल कोल्बे १९८१ मध्ये अशा बोटीत विश्वविजेता झाला. दोनच वर्षांत सगळे तिच्यामागे लागले आणि खर्च वाढतो या कारणाने १९८३ मध्ये तिच्यावर बंदी आली. तांत्रिकदृष्ट्या सरस असलेली रचना खेळाने जाणूनबुजून दूर ठेवली, आणि खेळ गरीब देशांना खुला ठेवण्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता.

बोट कशाची बनवायची हा पुढचा प्रश्न, आणि पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला तो ओळखीचा वाटावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उत्तम बोटी देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या काही मिलिमीटर जाडीच्या फळ्या वाफेवर वाकवून बनत. अमेरिकेतील पोकॉक आणि स्वित्झर्लंडमधील श्टेंफ्ली ही त्या कारागिरीतली मोठी नावे. चांगल्या लाकडी सिंगलचे वजनही पंधरा किलोंच्या आसपास असे. तेव्हा कार्बन फायबरने जिंकले ते हलकेपणामुळे, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्याने आणला तो ताठपणा. वल्ह्याचा जोर रिगरमधून कवचात येतो. कवच पिळले किंवा वाकले तर त्या जोरातला काही भाग बोट पुढे नेण्याऐवजी कवच वाकवण्यात जातो. लाकूड वर्षागणिक पाणी पिऊन मऊ पडे. कार्बन तंतूची ताठरता काचतंतूच्या सुमारे तिप्पट असते आणि घनता कमी. आजची बोट म्हणजे कार्बनच्या दोन पातळ थरांमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचा गाभा, रेझिनमध्ये भिजवून, निर्वात पिशवीत दाबून, भट्टीत पक्की केलेली. जर्मनीची एम्पाखर आणि इटलीची फिलिप्पी ही या धंद्यातील आघाडीची नावे आहेत.

भोसरी, तळवडे आणि चाकणच्या शेडमध्ये काचतंतू आणि रेझिन यांचे, म्हणजे एफआरपीचे, काम नवे नाही. टाक्या, झाकणे आणि बसच्या आतल्या बाजूचे पत्रे तिथे एफआरपीत घडतात. साचा तासणे, जेलकोट मारणे, मॅट अंथरणे, रोलरने हवेचे बुडबुडे काढणे हे सगळे करणारे कारागीर तिथे आहेत. शर्यतीच्या बोटीला त्याहून जास्त दोन गोष्टी लागतात. हाताने अंथरलेल्या थरात रेझिनचे प्रमाण जास्त राहते आणि रेझिन म्हणजे ताठपणा न देणारे वजन, म्हणून निर्वात दाबाची शिस्त हवी. दुसरे म्हणजे आठ-दहा मीटर लांबीच्या साच्यात वाक येता कामा नये, कारण काही मिलिमीटरांचा वाकही बोट एका बाजूला खेचतो. गाड्यांच्या साच्यांची अचूकता पाहणाऱ्या या पट्ट्याला हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण बाजाराची आहे. इथला साचा हजारो नग काढून आपला खर्च भरून काढतो आणि अख्ख्या देशातल्या रोइंगला तेवढ्या बोटी लागत नाहीत.

विकत आणलेली बोट जशीच्या तशी चालत नाही, ती माणसाला बसवावी लागते. याला रिगिंग म्हणतात. सिंगलमध्ये वल्ही ज्यांत बसतात त्या दोन गेटांमधले अंतर साधारण १६० सेंटिमीटर, वल्ह्याची लांबी २८७-२९० आणि त्यापैकी आतला भाग ८८ सेंटिमीटर ठेवतात. गेट सीटपेक्षा सोळा-अठरा सेंटिमीटर उंच असते. यातला एखादा सेंटिमीटर बदलला तरी तरफेचे प्रमाण बदलते आणि माणसाला गिअर जड किंवा हलका वाटू लागतो. वल्ह्याच्या पात्याला, म्हणजे ब्लेडला, चार-पाच अंशांचा कल देतात. तो कमी झाला तर ब्लेड पाण्यात खोल बुडते, जास्त झाला तर वर निसटते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कुऱ्हाडीच्या पात्यासारखे एका बाजूला मोठे ब्लेड आले. ते पाण्याला चांगले पकडते, त्यामुळे वल्ही काही सेंटिमीटरांनी आखूड झाली आणि जुने ट्यूलिपसारखे ब्लेड स्पर्धांतून जवळजवळ नाहीसे झाले. भोकनळसारखा उंच माणूस जास्त लांब स्ट्रोक मारतो. लाइटवेटमध्ये जोडीची सरासरी ७० किलो आणि कोणाचेही वजन ७२.५ किलोंपेक्षा जास्त नको, असा नियम होता. दोघांच्या रिगिंगचे आकडे सारखे असूच शकत नाहीत. केंद्रावरचा चांगला बोटमन, पाना आणि मोजपट्टी घेऊन बोटीखाली बसलेला, वेगात किती भर घालतो याचा हिशेब पदकांच्या यादीत येत नाही.

बोटीइतकेच महत्त्व पाण्याचे. थंड पाणी जास्त चिकट असते. दहा अंश तापमानाच्या पाण्याची चिकटता पंचवीस अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दीडपट असते, म्हणून युरोपच्या वसंत ऋतूतली वेळ आणि पुण्यातल्या मे महिन्यातली वेळ यांची सरळ तुलना करता येत नाही. काही सेकंद पाण्याच्या उबेनेच कमी होतात. वारा याहून निर्दय. सेकंदाला तीन मीटरचा समोरचा वारा असेल तर पाच मीटरने जाणाऱ्या बोटीला आठ मीटरचा वारा लागतो आणि हवेचा विरोध अडीचपट होतो. पाणी उथळ असेल तर लाटांचा विरोध वाढतो, तेव्हा कालव्याची खोली हा सजावटीचा मुद्दा नाही. आणि स्वच्छता. पवना आणि मुळा दापोडीजवळ एकत्र येतात, पण उन्हाळ्यात या नद्यांवर जलपर्णीचा हिरवा थर चढतो आणि सांडपाणी बारमाही असते. बोटीच्या तळाशी दिशा धरण्यासाठी हाताच्या पंजाएवढा स्थिर पंख असतो. त्यात एक देठ अडकला तरी इतका खटाटोप करून कमी केलेला विरोध परत येतो. खेळाडू नदी सोडून कालव्यात सराव करतात त्याचे एक कारण नदीच्या दशेतच आहे.

नियमांची दिशा आता बदलत आहे. लाइटवेट रोइंग ऑलिंपिकमध्ये शेवटचे झाले ते पॅरिसला. त्यामुळे सत्तर किलोंच्या खेळाडूंवर उभा राहिलेला भारतीय रोइंगचा एक मोठा आधार गेला आणि यापुढे उंच, भारदस्त मुले शोधावी लागतील. लॉस एंजेलिसमध्ये २०२८ साली जागेच्या मर्यादेमुळे शर्यत दोन हजारांऐवजी दीड हजार मीटरची होणार आहे. सुरुवातीच्या झटक्यात बोट किती लवकर वेग पकडते याला तिथे जास्त किंमत येईल. त्याच स्पर्धेत समुद्रातले बीच स्प्रिंट रोइंग प्रथमच येत आहे. त्याची एकट्याची बोट सहा मीटरपर्यंतच लांब, मागून उघडी, रुंद आणि किमान ३५ किलोंची असते, कारण तिला लाट झेलायची असते. ती एफआरपीत सहज घडते, तिला पोळ्याच्या जाळीचा गाभा लागत नाही आणि कोकणच्या कोणत्याही पुळणीवरून ती पाण्यात लोटता येते. महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखानदाराला रोइंगची बोट काढायचीच असेल तर त्याने सुरुवात या बोटीने करावी.